नावेवरचा भोंगा

१

लातुरात माझं कॅमेऱ्यांचं आणि अलार्मचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. शिकवणीचे वर्ग, मुलींची वसतिगृहं, डाळमिली, सगळीकडं माझ्या हातची वायर आहे. तरी कुठंही कामाला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब नाही आले का?" साहेब नाहीत. मीच आहे, गीतांजली. शिडीवर मीच चढते, भिंतीला भोक मीच पाडते, आणि "मशीन चालत नाही" म्हणून बोंब मारणाऱ्याला त्यानं बटणच दाबलेलं नाही हेही मीच दाखवते. तोंड फटकळ झालंय, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

हरभरा काढणीला आला होता तेव्हा मुखेडच्या पुढच्या एका गावातून फोन आला. "नावेला अलार्म बसतो का हो?"

मी हसले. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पण गाव बघितल्यावर हसू गेलं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, लोक वरच्या अंगाला येऊन राहिले आणि निम्मी शेतं फुगवट्याच्या पलीकडं राहिली. सकाळी नावेनं पलीकडं जायचं, सांजच्याला नावेनं परत. रस्त्यानं गेलं तर चौदा किलोमीटरचा वळसा. नाव फायबरची, मागं इंजिन, बारा माणसं बसतात. सटवाजी नावाचा पासष्टीचा माणूस ती चालवतो, पाणी आलं त्या वर्षापासून. तो दुपारी जेवायला घरी गेला की घाटावर कुणी नसतं. तेवढ्यात दोनदा बॅटरी गेली आणि एकदा पेट्रोलची टाकी गेली.

गावच्या नाव समितीचे अध्यक्ष रामलिंगअप्पा मला घाटावर भेटले. माझ्या व्हॅनमध्ये डोकावून म्हणाले, "साहेब मागून येत्यात का?"

२

नावेवर घरातला अलार्म चालत नाही. हे मी अप्पांना अर्धा तास समजावलं आणि अप्पा अर्धा तास मोबाईलमध्ये बघत बसले. माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर पाण्यावर वेडा होतो, ऊन चमकलं की ओरडतो. धक्का ओळखणारा सेन्सर लाटेला घाबरतो. म्हणून मी बसायच्या तिन्ही फळ्यांखाली वजनाच्या पट्ट्या घातल्या. वीस किलोच्या वर वजन आलं तरच बोलणार, म्हणजे बगळा बसला, कुत्रं चढलं तरी गप्प. बॅटरीच्या पेटीला चुंबकाचा स्विच लावला. तळाला पाणी साचलं तर कळवणारी तरंगती गोळी बसवली. काठावर खांब रोवून सोलरचा कॅमेरा लावला. सगळ्याची तार एका डब्यात नेली, डब्यात सिमकार्ड टाकलं. नावेवर कुणी पाय ठेवला की अप्पांना, सटवाजीला आणि मला मेसेज. मेसेजही मी मराठीत भरले: "मागची फळी: वजन", "मागची फळी: मोकळी". अडाण्यालाही कळावं असं काम. असं काम पुण्यात केलं असतं तर लोकांनी फोटो काढून घेतले असते.

राहिला भोंगा. त्यात आधीपासून हिंदीत एक बाई ओरडते, "सावधान! यह क्षेत्र निगरानी में है!" घाटावर कपडे धुणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. अप्पा म्हणाले, "मराठीत टाका. सटवाजीचाच आवाज टाका, चोराला तो वळखीचा हाय."

मी सटवाजीला म्हटलं, "मामा, बोला. 'कोण आहे तिथं? चल, जा इथून.' एवढंच."

सटवाजीनं मान हलवली. "न्हाई जमायचं ताई. नावेवर आलेल्या माणसाला जा म्हनत न्हाईत."

"अहो, चोराला?"

"कुनाला बी."

दोन वाजत आले होते, ऊन डोक्यात शिरत होतं आणि मला अजून शिरूर ताजबंदला एक काम होतं. मी म्हटलं, "मग जे बोलता येतं ते बोला. चोर काय शब्द ऐकत बसत नाही, माणसाचा आवाज आला की पळतो." हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं आहे की तोंडपाठ झालंय.

सटवाजीनं जरा विचार केला आणि रोज सांजच्याला पलीकडच्या काठावरून शेताकडं तोंड करून मारतो ती हाक मारली. कुणी मागं राहू नये म्हणून शेवटच्या खेपेआधी तो ती तीनदा मारतो. लांब, सुरात.

"कुनी यायचं हाय का... या, बसा..."

मी तीच भरली. अलार्म वाजला की तीनदा वाजेल असं लावलं.

३

भोंगा मी नावेच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला बसवला, तोंड पाण्याकडं. पहिला चोर ट्यूब घेऊन पोहत आला होता म्हणे, मग तोंड तिकडंच हवं.

"गावाकडं फिरवा," सटवाजी म्हणाला.

"कामून?"

"पान्याकडं तोंड करून हाक मारत न्हाईत."

"पण का?"

"न्हाई मारत."

झालं. एवढंच कारण. अकरा वर्षं मी असली कारणं ऐकते आहे. कुणाचं देवघर आड येतं म्हणून कॅमेरा हलवा, कुणाची सासू नको म्हणते म्हणून वायर फिरवा. मी म्हटलं, "मामा, तुम्ही नाव चालवा, मी भोंगा बसवते." तो खालमानेनं दोरी गुंडाळत राहिला.

मी फळीवर उभी राहून चाचणी घेतली. सटवाजीचा आवाज पाण्यावरून गेला, तीनदा. अप्पा म्हणाले, पुन्हा दाखवा. पुन्हा तीनदा. मग बाया म्हणाल्या, आम्हाला ऐकवा. सात-आठ वेळा तरी वाजवला असेल. शेवटी कुणीच हसत नव्हतं हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी स्क्रू आवळत होते.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा चौदाला मेसेज आला. "मागची फळी: वजन."

सटवाजी बाराला नाव काठापासून पंधरा-वीस फूट आत सोडतो, दोरी खुंटाला बांधतो आणि खिशातल्या रिमोटचं चालू-बंदचं बटण दाबून जेवायला जातो. मी मोबाईलवर कॅमेरा उघडला. दुपारचं ऊन पाण्यावरून थेट काचेवर येत होतं, नावेच्या आतला भाग पांढरा फटक. बाहेरची बाजू तेवढी दिसत होती. खांब दुसरीकडं रोवायला हवा होता हे तेव्हा कळलं, आणि स्वतःवरच चिडले. काठावर कुणी नव्हतं. अप्पांचा फोन आलाच. "मॅडम, तुमचं मशीन पहिल्याच दिवशी बोंबललं."

"जाऊन बघा," मी म्हटलं.

ते जाईपर्यंत अडीच वाजले. नाव रिकामी होती, बॅटरी जागेवर होती. "मोकळी"चा मेसेज मात्र आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सटवाजीनं बटण दाबताक्षणी "मागची फळी: वजन" आलं. दोन मिनिटांनी "मधली फळी: वजन".

चौथ्या दिवशी तिन्ही.

पट्टीत ओल शिरली असेल म्हणून मी दुकानात तशीच एक पट्टी बादलीत बुडवून ठेवली. दोन दिवस. ती गप्प पडून राहिली. मग वाटलं, नावेत पाणी भरत असेल, त्याचं वजन पट्टीवर येत असेल. पण तळाची गोळी कोरडं दाखवत होती. मी कॅमेऱ्याचे सगळे दिवस पुन्हा काढून बघत बसले.

नावेच्या बाहेरून पिवळ्या रंगाची एक रेघ असते. नाव भरली की पाणी त्या रेघेला लागतं, त्याच्या वर गेलं तर माणूस उतरवायचा. पहिल्या दिवशी रेघ पाण्यापासून वीतभर वर होती. मग चार बोटं. चौथ्या दिवशी दुपारी, काठावर चिटपाखरू नसताना, रेघ पाण्यात होती.

मी मोबाईल पुसला आणि पुन्हा बघितलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर जाऊन बसले. रस्त्यावर शिकवणीची पोरं वडापाव खात होती. बरं वाटलं त्यांचा गलका ऐकून.

५

आता माझी चूक सांगते.

अप्पांनी फोनवर "भंगार, भंगार" सुरू केलं तेव्हा माझं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, "अप्पा, माझं मशीन खोटं बोलत नाही. लिहून देते. नावेत वजन येतंय म्हणजे येतंय. कोण बसतंय ते तुम्ही शोधा."

मग अप्पा अगदी गोड आवाजात म्हणाले, "म्हंजे सटवाजीच बसवतोय म्हना की."

"असं मी कुठं म्हटलं?"

"बटन त्याच्याकडं, दोरी त्याच्याकडं. जेवायच्या नावाखाली वाळूवाल्यांची मानसं नेत आसंल पल्याड. आत आडवी पडली की कॅमेऱ्यात कशाला दिसत्यात? तुमी लिहूनच द्या मॅडम, मशीन बरोबर हाय मनून. सोमवारी बैठक हाय. नाव त्याच्याकडून काढून घेतो. माझा पुतन्या बसूनच हाय."

पुतण्या! असं आहे तर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा. अठ्ठावीस वर्षं ज्यानं गावाला पलीकडं नेलं आणि परत आणलं, त्याच्या अंगावर माझ्या मेसेजांचा कागद पुरावा म्हणून फेकणार. मला इतका संताप आला की मी रविवारी सकाळीच व्हॅन काढली.

६

मुखेड सोडल्यावर रस्त्याच्या कडेनं डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी चालत होती. मी गाडी थांबवली. मनकर्णाबाई नाव तिचं, त्याच गावची. शेतातून वळसा घालून चालली होती.

"नाव आहे की, मावशी."

"हाय." ती भारा मागं टाकून माझ्या शेजारी बसली. "जागा न्हाई नावंत."

"कुणी बसलेलं असतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. गावच्या फाट्यावर भारा घेऊन उतरली आणि चालू लागली.

साडेबाराला मी घाटावर पोचले. सटवाजी जेवायला गेलाच नव्हता, खुंटाशेजारी उकिडवा बसला होता. मला बघून उठला आणि हात जोडले, त्यानं मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाव वीस फुटांवर होती. लखलखीत ऊन. या वेळी मी काठावर उंच उभी होते, आतलं सगळं दिसत होतं. तीन फळ्या, तळाला एक डबा, एक दोरी. माणूस नाही. पिवळी रेघ पाण्याखाली.

"कधीपासून, मामा?"

"तुमी भोंगा लावला तवापासून. मी आता आठच मानसं घेतो. काल सहा घेतली." तो पाण्याकडं न बघता बोलत होता. "मी म्हन्लो, बोलावलंय आपन, बसू द्या. उतरतील त्येंच्या मनानं. पन उतरून न्हाई राहिले."

"कोण?"

त्यानं न बघताच पाण्याकडं, जुनं गाव बुडालं त्या अंगाला हात केला. आम्ही दोघांनी दोरी ओढली. रिकामी नाव एका हातानं येते, मी स्वतः ओढली होती. आज दोघांचे हात भरून आले. नाव काठाला लागली तशी मी चपला काढल्या, पाण्यात उतरले आणि मागच्या फळीच्या दोन्ही खिट्ट्या सोडवल्या. पट्टी काढायची, उन्हात धरून बघायची, एवढंच डोक्यात होतं. फळी म्हणजे काय, चार हातांची लाकडी पाटी. ती उचलेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला.

मग मी खाली वाकून फळीच्या पातळीत बघितलं. फळी वाकली होती. नुसती नाही, दोन ठिकाणी. कोरडी, स्वच्छ, रिकामी फळी, आणि दोन ठिकाणी वाकलेली.

मी आधारासाठी कडेला हात ठेवला. तेव्हा माझ्याकडचा वाक हलला. लाकूड करकरलं आणि तो वाक हळूच पलीकडं सरकला, दुसऱ्याला जाऊन चिकटला. माझ्या बाजूची फळी सरळ झाली.

मला बसायला जागा केली होती.

७

मी काठावर कशी आले ते आठवत नाही. सटवाजीनं मला दंडाला धरलं होतं. भोंगा वाजत होता, माझ्याच हातानं काहीतरी दाबलं गेलं असणार. "कुनी यायचं हाय का... या, बसा..." तीनदा. समोरचं पाणी सपाट होतं. नाव मात्र अजून दोन बोटं खाली गेली.

आधी मी नाकावरच्या त्या भोंग्याची वायर तोडली. दातांनी तोडली, पक्कड व्हॅनमध्ये होती.

"आता वो?" सटवाजी म्हणाला. "पल्याड अकरा बाया हायत हरभऱ्याला. चार वाजता आनायच्या हायत. अन् उद्या बैठक. नाव गेली तर जाऊ द्या, म्हातारा झालो मी. पन त्यो पुतन्या नवखा हाय. भरल्या नावंवर आनखी बारा बसवील आन्..."

पुढचं सांगायची गरज नव्हती, पाणी कडेपासून वीतभर राहिलं होतं.

"मग सांगा ना यांना उतरायला!"

"मी न्हाई म्हनू शकत, ताई."

तो खरंच म्हणू शकत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अप्पाचा राग, स्वतःचा राग, आणि या फुकट्या बसणाऱ्यांचा, मग ते कुणी का असेनात. एका गरीब माणसानं अठ्ठावीस वर्षं जपलेली रीत, आणि तिच्या जिवावर हे बसून राहणार!

मी पदर खोचला आणि गिऱ्हाइकावर ओरडते तशी ओरडले. "ऐकू येत नाही का? नाव भरली आहे! चार वाजता बाया यायच्यात, त्यांना जागा नको? लाज नाही वाटत म्हाताऱ्याच्या पोटावर बसायला? उतरा! सगळे उतरा, आत्ताच्या आत्ता! मी सांगते आहे, मी, गीतांजली!"

नाव स्तब्ध राहिली. मग पुढची फळी करकरली आणि सरळ झाली.

मोबाईल थरथरला. "पुढची फळी: मोकळी."

नाव डुलली. सटवाजीनं मला बाजूला ओढलं, घाटावरची वाट मोकळी केली, आणि सवयीनंच असेल, म्हाताऱ्या बाया उतरताना पुढं करतो तसा उजवा हात पुढं केला. मी त्याचा खांदा बघत होते. तो खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

"मधली फळी: मोकळी."

"सावकास," तो पुटपुटत होता. "शेवाळ हाय. सावकास."

"मागची फळी: मोकळी."

पिवळी रेघ पाण्यातून वर आली, ओली, चमकत. वीतभर वर.

८

मी तिथूनच अप्पांना फोन लावला.

"अप्पा, माझ्या पट्ट्या खराब निघाल्या. ओल शिरली होती. सटवाजीनं कुणाला बसवलं नाही. बैठकीत तसंच सांगा, नाही तर मी स्वतः येऊन सांगते."

अप्पा हसले. मोठ्यानं, शेजारी बसलेल्यांना ऐकू जाईल असं. "तरी मी म्हनत हुतो! बाईमानसाचं काम हाय का ह्ये? लिहून देनार हुता नव्हं, मशीन खोटं बोलत न्हाई मनून?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी हे ऐकून घेतलं. "खोटं बोललं, अप्पा," मी म्हटलं. माझ्या कानांत नुसता जाळ झाला होता.

"मंग ऱ्हाऊ द्या सटवाजीला," ते नाराजीनं म्हणाले. "सामान काढून न्या तुमचं."

मी सगळं काढलं. पट्ट्या, गोळी, डबा, भोंगा. फळ्या पिसासारख्या उचलल्या. खांब तेवढा राहू दिला. सटवाजी एक-एक वस्तू पुसून माझ्या हातात देत होता. "तुमची इज्जत गेली माझ्यापायी," तो म्हणाला. मी म्हटलं, "गेली तर गेली, परत कमावते." आणि ते मनापासून म्हटलं. त्याच्या ताब्यात नाव राहिली होती. हलकी होऊन ती काठाशी डुलत होती, बघून बरं वाटत होतं.

सगळं सामान मिळून पंधरा किलो भरणार नाही. ते मी मागच्या सीटवर ठेवलं, पुढं येऊन बसले आणि किल्ली फिरवली.

व्हॅन मागून खाली बसली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. चाकांवरचे कमानपाटे कण्हले. पुढची काच आभाळाकडं झाली.

मी उतरा म्हणाले होते. कुठं जायचं ते सांगितलं नव्हतं.

सटवाजी खिडकीशी आला. माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. त्यानं मागचा दरवाजा उघडून पुन्हा नीट लावला, कुणाचा पदर अडकू नये अशा बेतानं. मग माझ्याकडं वाकला.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "सावकास चालवा. म्हाताऱ्या हायत."

मी आरसा वर करून टाकला. लातूरपर्यंत प्रत्येक गतिरोधकापाशी गाडी थांबवली आणि अलगद, अगदी अलगद पुढं घेतली.